विश्लेषण : बायोस अपडेट फसले, ‘नो डिस्प्ले’ आला… बोर्ड खरेच गेला का?

पंखे फिरताहेत, कॅबिनेटमधले दिवे लागले आहेत, पण पडदा काळाच. काही मिनिटांपूर्वी बायोस अपडेट सुरू केले होते आणि मध्येच काहीतरी बिनसले. दुरुस्तीच्या दुकानात याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात आणि पुढचे वाक्यही अनेकदा ठरलेले असते : बोर्ड गेला, नवा टाकावा लागेल. नवा बोर्ड म्हणजे काही हजारांचा खर्च. त्या प्रोसेसरला चालणारे बोर्ड बाजारातून नाहीसे झाले असतील तर प्रोसेसर आणि रॅमही बदलणे आले. ज्या घरात एकाच डेस्कटॉपवर मुलांचा अभ्यास, दुकानाची बिले आणि डीटीपीचे काम चालते, तिथे हा निर्णय घाईने घेण्यासारखा नाही. कारण फसलेल्या अपडेटने सहसा बोर्डावरचे काहीही जळत नाही. एका छोट्या चिपमधला मजकूर अर्धवट राहतो, आणि तो पुन्हा लिहिता येतो.

या चिपमध्ये असते तरी काय?

मदरबोर्डवर आठ पायांची, नखाएवढी एक फ्लॅश चिप असते. सध्याच्या बोर्डांत तिची क्षमता साधारणपणे १६ किंवा ३२ मेगाबाइट. संगणक सुरू करताच रॅम ओळखणे, ती कोणत्या वेगाने चालवायची हे ठरवणे, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क जागी करणे आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवणे, हे सारे याच चिपमधल्या सूचनांनुसार होते. ‘बायोस’ हे नाव १९७० च्या दशकातल्या सीपी/एम प्रणालीपासून चालत आले आहे. आज तिथे यूईएफआय असते, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. विंडोज, फोटो, टॅलीचा डेटा हे सगळे हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असते, या चिपमध्ये नाही. त्यामुळे अपडेट फसले म्हणून डेटा पुसला जात नाही. घाबरून डिस्क फॉरमॅट करायला देणे, हा या प्रकरणातला सर्वांत महागडा उपाय ठरतो.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा सल्ला जुना का झाला?

वर्षानुवर्षे जाणकार मंडळी हाच सल्ला देत आली आणि तो तेव्हा बरोबरही होता. गेल्या काही वर्षांत मात्र परिस्थिती पालटली. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझेन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर, विशेषतः ‘एक्स३डी’ प्रकारातले, सॉकेटमध्येच जळाल्याच्या तक्रारी आल्या. प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारा व्होल्टेज १.३ व्होल्टच्या आत ठेवणे हा त्यावरचा उपाय होता, आणि तो आला बायोस अपडेटमधूनच. पुढच्याच वर्षी पाळी इंटेलची. १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू अस्थिर होत होते. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ‘०एक्स१२९’ आणि सप्टेंबरमध्ये ‘०एक्स१२बी’ हे मायक्रोकोड आले. इंटेलने या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झालेली इजा मायक्रोकोडने भरून येत नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे ज्यांनी ‘हात लावायचा नाही’ हे व्रत पाळले, त्यांचा प्रोसेसर रोज थोडा थोडा झिजत राहिला.

सुरक्षेची बाजू वेगळीच. डिसेंबर २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ नावाने उघड झालेल्या त्रुटी संगणक सुरू होताना दिसणारे कंपनीचे बोधचिन्ह वाचणाऱ्या भागातच होत्या. अँटिव्हायरस जागा होण्याच्या कितीतरी आधीचा हा टप्पा. त्यात आता ‘सिक्युअर बूट’ची भर. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, मात्र नवी प्रमाणपत्रे नसतील तर सुरू होण्याच्या टप्प्यासाठीच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. काही बोर्डांवर ही नवी प्रमाणपत्रे नीट बसण्यासाठी आधी बायोस अद्ययावत असावे लागते.

थोडक्यात, जे काम पूर्वी हौशी गेमर करत, ते आता कुणालाही करावे लागू शकते. काम करण्याची रीत मात्र अजून तीच आहे, हौशी माणसाला गृहीत धरणारी.

फसते नेमके कुठे?

फ्लॅश चिपवर नवे लिहिण्याआधी जुने पुसावे लागते. पुसून झाले आणि लिहिणे पूर्ण होण्याआधी वीज गेली, तर चिपमध्ये ना जुने धड ना नवे. आपल्याकडे पावसाळ्यात हे सहज घडते. घरातल्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी त्यावरचा खटका आधी पाहावा. तो ‘यूपीएस’ऐवजी ‘इको’वर असेल तर वीज बदलताना जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो.

दुसरे कारण चुकीची फाइल. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या असतात. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात ‘रेव्ह १.०’, ‘रेव्ह १.१’ असे छापलेले असते आणि दोन्हींची फाइल वेगळी असू शकते. वायफाय असलेला आणि नसलेला, डीडीआर४ आणि डीडीआर५ असे जुळे भाऊही असतात. बायोसमधले अंगभूत साधन चुकीची फाइल बहुतेक वेळा नाकारते. चालू विंडोजमधून अपडेट करणाऱ्या साधनाबाबत मात्र धोका जास्त, कारण मध्येच विंडोज अडकली तर लिहिणेही अडकते. आसूसचे ईझी फ्लॅश, एमएसआयचे एम-फ्लॅश, गिगाबाइटचे क्यू-फ्लॅश, एएसरॉकचे इन्स्टंट फ्लॅश ही बायोसच्या आतली साधने. तीच वापरावीत.

तिसरे कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही : अपडेट यशस्वी झाले, पण नव्या बायोसने जुना प्रोसेसर ओळखणेच सोडले. एएमडीच्या एएम४ बोर्डांवर असे झाले. १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांच्या सूचना मावेनात, तेव्हा एमएसआयने २०१९ मध्ये काही बोर्डांच्या बायोसमधली रंगीत, चित्रमय मांडणीच काढून टाकली आणि काही जुन्या प्रोसेसरांचा आधारही वगळला. अपडेटनंतर साधीसुधी, जुनाट दिसणारी स्क्रीन पाहून अनेकांना काहीतरी बिघडले असे वाटले असेल तर नवल नाही. त्यामुळे फाइलखाली बारीक अक्षरात दिलेल्या सूचना वाचाव्यात. ‘आधी अमुक आवृत्ती टाका, मगच ही’ असेही तिथे लिहिलेले असते.

काळी स्क्रीन दिसताच पहिले काम कोणते?

काहीही न करणे. नव्या बायोससोबत रॅमची जुनी मापे पुसली जातात आणि ती पुन्हा घ्यावी लागतात. याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. डीडीआर५ रॅमच्या बोर्डांत, विशेषतः एएमडीच्या एएम५ वर, यात काही मिनिटे जातात. रॅमच्या चार पट्ट्या असतील तर आणखी वेळ. या काळात पडदा काळा राहतो, संगणक एकदोनदा स्वतःहून बंद-चालूही होतो. नेमक्या याच वेळी माणूस घाबरून बटण दाबून धरतो. फसलेली म्हणून दुकानात येणारी काही अपडेटे फसलेलीच नसतात. घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबावे.

तोवर बोर्डाकडे नीट पाहावे. बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार छोटे दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. डीरॅमचा दिवा लागून राहिला तर रॅमचे काम सुरू आहे किंवा तिथेच अडले आहे. व्हीजीएचा दिवा अडकला तर प्रश्न ग्राफिक्सचा : जुने कार्ड असेल आणि अपडेटमुळे ‘सीएसएम’ हा जुन्या उपकरणांसाठीचा पर्याय बंद झाला असेल, तर बायोस ठणठणीत असूनही चित्र येत नाही. अशा वेळी प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्यास कार्ड काढून मॉनिटरची केबल थेट बोर्डाला लावून पाहावी. चारही दिवे विझलेले, कीबोर्डवरचा नमलॉक दाबूनही त्याचा दिवा लागत नाही आणि पंखे नुसतेच फिरताहेत, असे असेल तर मात्र चिपमधल्या मजकुरावर संशय घ्यायला जागा आहे.

त्याआधी आणखी एक पायरी, फुकटची. एसएमपीएसचा मागचा खटका बंद करून वायर काढावी, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी आणि बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटे काढून ठेवावा. किंवा दोन पिनांचा जंपर असतो, तो स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडावा. आसूसच्या बोर्डावर त्याजवळ सीएलआरटीसी, एमएसआयवर जेबॅट१, गिगाबाइटवर सीएलआर-सीमॉस असे छापलेले असते. यातून बायोस पुन्हा लिहिले जात नाही, फक्त सेटिंग मूळ पदावर येतात. जुन्या बायोसमधली सेटिंग नव्याला न पटल्याने अडलेला संगणक एवढ्यानेही उठतो. सोबत रॅमची एकच पट्टी, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत ठेवून पाहावी. सहसा ती प्रोसेसरपासून दुसरी असते.

फ्लॅशबॅक : मेलेल्या बोर्डाचे बटण

एवढे करूनही काही होत नसेल, तर बोर्डाच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या खाचांशेजारी एखादे छोटे बटण आहे का ते पाहावे. आसूस आणि एएसरॉक त्याला ‘बायोस फ्लॅशबॅक’ म्हणतात, एमएसआय ‘फ्लॅश बायोस बटण’, गिगाबाइट ‘क्यू-फ्लॅश प्लस’. बोर्डावरची एक वेगळी, छोटी नियंत्रक चिप पेनड्राइव्हवरची फाइल वाचून थेट बायोसच्या चिपमध्ये लिहिते. त्यासाठी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड काहीच चालू असावे लागत नाही. मूळ बायोस कितीही बिघडलेले असले तरी या वाटेला फरक पडत नाही.

दुसरा संगणक हाताशी नसेल तर फोन पुरतो. हा लेख ज्या अँड्रॉइड फोनवर वाचला जात आहे, त्यावरच कंपनीच्या अधिकृत पानावरून फाइल उतरवता येते, फाइल्स अ‍ॅपमधून झिप उघडता येते, नाव बदलता येते आणि ओटीजी केबलने ती पेनड्राइव्हवर टाकता येते. पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आणि शक्यतो जुना, साधा असावा. फाइलचे नाव हा यातला कळीचा भाग. एमएसआयला ते ‘एमएसआय डॉट रॉम’ हवे, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’, एएसरॉकला ‘क्रिएटिव्ह डॉट रॉम’. अर्थात इंग्रजी अक्षरांत. आसूसच्या फाइलसोबत नाव बदलून देणारी छोटी विंडोज आज्ञावली येते. ती फोनवर चालत नाही, पण नेमके नाव अनेकदा बोर्डाच्या पुस्तिकेत सापडते. नावात एक अक्षर चुकले तरी बोर्ड फाइलकडे ढुंकून पाहत नाही.

पेनड्राइव्ह कोणत्याही खाचेत लावून चालत नाही; खूण केलेली एकच खाच असते. एसएमपीएसची मोठी २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची अशा दोन्ही वायरी जोडलेल्या हव्यात, एसएमपीएसचा खटका चालू आणि संगणक मात्र बंद. बटण साधारण तीन सेकंद दाबून सोडले की शेजारचा दिवा लुकलुकू लागतो. लुकलुकणे थांबून दिवा विझला की काम संपले. पाच ते आठ मिनिटे लागतात. काही सेकंदांतच दिवा विझला किंवा न लुकलुकता लागून राहिला, तर फाइल वाचलीच गेलेली नाही. अशा वेळी बोर्डाला दोष देण्याआधी पेनड्राइव्ह बदलावा. या टप्प्यावर निराश होणाऱ्यांची अडचण बहुधा पेनड्राइव्हमध्ये किंवा नावातच असते.

बटण नसेल तर?

काही जुन्या गिगाबाइट बोर्डांवर ‘ड्युअल बायोस’ असते, म्हणजे दोन चिपा. पहिली बिघडली की दुसरी तिला सावरते. आसूसच्या ‘क्रॅशफ्री’सारख्या सोयीत बूट ब्लॉक हा चिपमधला राखीव तुकडा शाबूत असला तर तो पेनड्राइव्हवर किंवा बोर्डाच्या सीडीवर फाइल शोधतो. डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपांत कंट्रोल आणि एस्केप या कळा दाबून धरून वीज जोडली की सुटकेचा पडदा येतो. कॉलेज किंवा कार्यालयातून लिलावात घेतलेल्या ब्रँडेड संगणकांच्या मालकांनी हे जरूर करून पाहावे.

हेही नसेल तर शेवटची वाट ‘चिप लेव्हल’ दुरुस्तीची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात हे काम करणारे कारागीर आहेत. चिमट्यासारखी क्लिप आठ पायांवर बसवून किंवा चिप उचलून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने तिच्यात बायोस लिहितात. सीएच३४१ए हा त्यातला सर्वांत स्वस्त प्रोग्रॅमर काही शे रुपयांत मिळतो, म्हणून घरीच करून पाहण्याचा मोह होतो. त्याच्या प्रचलित काळ्या नमुन्यात ३.३ व्होल्टच्या चिपच्या डेटा पायांवर ५ व्होल्ट जातात, आणि काही बोर्डांवरच्या चिपा तर १.८ व्होल्टच्या असतात. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडेच सोपवलेले बरे.

कारागिराला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी : लिहिण्याआधी चिपमधला मूळ मजकूर वाचून त्याची प्रत ठेवा. बोर्डाचा अनुक्रमांक, अनेक बोर्डांत नेटवर्कचा मॅक पत्ता, ब्रँडेड संगणकात विंडोजची परवाना किल्ली हे सारे त्याच चिपमध्ये असते. संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल जशीच्या तशी ओतली तर बोर्ड उठेल, पण विंडोज सक्रिय नसल्याचे सांगेल किंवा नेटवर्क रुसेल. काही कंपन्यांच्या फाइलीला पुढे जादा वेष्टणही असते, ते काढल्याशिवाय प्रोग्रॅमरने लिहून उपयोग नाही.

बोर्ड उठला, पण विंडोज उठत नाही

हा बायोसचा बिघाड नव्हे. अपडेटने सगळी सेटिंग मूळ पदावर नेली, त्याचा हा परिणाम. डिस्क पूर्वी रेड किंवा व्हीएमडी पद्धतीने लावलेली असेल तर तो पर्याय पुन्हा निवडावा लागतो. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली गेली तर ती बहुतेकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. ती कुठेच नसेल तर मात्र डेटा खरोखर अडकतो. म्हणून ही किल्ली अपडेटच्या आधीच शोधून ठेवावी आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवावा.

जबाबदारी कुणाची?

अपडेट आता वापरकर्त्याची हौस राहिलेली नाही. प्रोसेसर जळू नये म्हणून कंपन्याच ते करायला सांगतात. मग ते फसले तर सावरण्याचे साधन महागड्या बोर्डावर द्यायचे आणि स्वस्त बोर्डावरून वगळायचे, हे कोणत्या न्यायाने? स्वस्त बोर्ड घेणाऱ्याकडेच बहुधा दुसरा संगणक नसतो, घरी चांगला यूपीएस नसतो. बटण आणि छोटी नियंत्रक चिप ही चैनीची बाब नव्हे, मोटारीतल्या स्टेपनीसारखी गरज आहे. गाडी स्वस्त म्हणून स्टेपनी दिली नाही, तर आपण ते मुकाट्याने ऐकून घेऊ का?

हमीचा मुद्दाही तसाच. मे २०२३ मध्ये एएमडीचे प्रोसेसर जळण्याचे प्रकरण तापले असताना आसूसने दिलेल्या चाचणी आवृत्तीच्या बायोससोबत, ते वापरल्यास हमी रद्द होऊ शकते असा मजकूर होता. आग विझवण्याचे पाणी द्यायचे आणि घर भिजले तर जबाबदारी नाही म्हणायचे, असा हा प्रकार. टीका झाल्यावर कंपनीला हमी कायम असल्याचे जाहीर करावे लागले. हा धडा सर्वच कंपन्यांनी हमीपत्रात उतरवायला हवा : अधिकृत फाइल, अधिकृत साधन वापरून अपडेट फसले तर दुरुस्ती विनामूल्य, हे एक वाक्य पुरेसे आहे.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू केले. पण पोर्टलवर सेवा केंद्रांची माहिती असणे वेगळे आणि खेड्यातल्या कारागिराला बोर्डाचा आराखडा, मूळ चिपची प्रत कायदेशीर मार्गाने मिळणे वेगळे. ते मिळत नाही तोवर तो इंटरनेटवर कुणी टाकलेल्या फाइलींवरच काम भागवणार, आणि त्या फाइलीत काय दडले आहे हे त्यालाही कळणार नाही.

बोर्ड हमीत असेल तर तो उघडण्याआधी, क्लिप लावण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राकडे लेखी तक्रार नोंदवावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हमी संपलेली असेल आणि दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणत असेल, तर प्रोग्रॅमरने चिप वाचून पाहिली का, एवढे विचारावे. तरीही नवा बोर्ड घ्यावाच लागला तर जुना मागून घ्यावा. प्रोग्रॅमर असलेल्या दुसऱ्या दुकानात तो दाखवता येतो.